थांब्यावर राहिलेली माणसं

पहाटे पाचला उठलो की माझं पहिलं काम ठरलेलं असायचं. बायकोचा डावा हात हातात घ्यायचा आणि मनगटाच्या थोडं वर दोन बोटं टेकवायची. तिथे बारीक थरथर लागायची. उभ्या गाडीचं इंजिन चालू असताना खिडकीच्या दांडीला हात लावला की लागते, अगदी तशी. डायलिसिसच्या रुग्णाच्या हातात धमनी आणि शीर एकमेकींना जोडून ‘फिश्चुला’ करतात, सुया तिथेच टोचतात. थरथर लागली म्हणजे रक्त नीट वाहतंय, वाट मोकळी आहे. “चालू आहे,” मी म्हणायचो. मग ती उठून चहा ठेवायची. मला पूर्ण कप, तिला पाव. दिवसभरात पोटात किती पाणी जाणार याचा हिशेब तिला पहिल्या घोटापासून ठेवावा लागे.

पाच-पन्नासची वस्तीची गाडी धरायची. आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात. तिथून पाली, हातखंबा करत रत्नागिरी. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी यंत्रावर चार तास. २०१७च्या गणपतीनंतर हे सुरू झालं, ते २०२२च्या दिवाळीत ती गेली तोपर्यंत चाललं.

मी एसटीत होतो. आधी कंडक्टर, नंतर वाहतूक नियंत्रक. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी गावात मला ‘कंट्रोलर काका’ म्हणतात. त्या नोकरीत शिकलेली एक गोष्ट मला आजारपणात नव्याने कळली, ती सांगण्यासाठीच हे लिहितो आहे.

फेरी संपली की कंडक्टर वेबिल जमा करतो. किती तिकिटं गेली, किती पैसे आले, सगळं त्यावर असतं. फेरी चालते की तोट्यात आहे हे त्यावरून ठरतं. पण जो माणूस थांब्यावर तासभर उभा राहिला आणि गाडी भरून पुढे गेली म्हणून घरी परतला, त्याची नोंद वेबिलावर कुठेच नसते. कागदाच्या लेखी तो माणूस नाहीच. असं वर्षभर झालं की कागद सांगतो, या मार्गावर प्रवासी नाहीत.

दवाखान्याच्या बाबतीतही हेच होतं. गोळ्या मिळाल्या त्यांची नोंद होते. गोळ्या न घेता परत गेलेल्यांची होत नाही. आणि ज्याचा आजार जन्मभराचा आहे, तो वर्षातून कितीदा तरी असा थांब्यावर राहतो.

आजाराचं वेळापत्रक

पाय मोडला, ताप आला, अपेंडिक्स दुखलं, तर माणूस दवाखान्यात जातो, बरा होऊन येतो. रक्तदाब, मधुमेह, फिट, दमा, मूत्रपिंडाचा आजार, एचआयव्ही, स्किझोफ्रेनिया यांचं तसं नाही. तिथे उपचार म्हणजे आयुष्यभराचं वेळापत्रक. ते चुकलं की काय होतं हे प्रत्येक आजारात वेगळं असतं आणि ते आपण सगळ्यांनी समजून घ्यायला हवं.

रक्तदाबाची गोळी आठ दिवस चुकली तर बहुतेकांना काहीच वाटत नाही. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही. म्हणूनच ते धोक्याचं असतं. आतल्या आत ताण वाढत जातो आणि एक दिवस अर्धांगवायूने माणूस आडवा होतो. फिटची गोळी अचानक थांबली तर दोन दिवसांत झटका येऊ शकतो, तोही विहिरीच्या काठावर किंवा चुलीपुढे. लहानपणापासून मधुमेह असलेल्या मुलाचं इन्सुलिन थांबलं तर काही दिवसांतच जीवावर बेततं. क्षयरोगाच्या आणि एचआयव्हीच्या औषधात खंड पडला तर जंतू त्या औषधाला सरावतात. मग तीच गोळी पुन्हा सुरू केली तरी चालेनाशी होते. मानसिक आजारात औषध तुटलं की महिन्यांच्या कष्टाने सावरलेलं घर पुन्हा विस्कटतं.

त्यामुळे अशा रुग्णाला ‘उपचाराची सोय आहे का’ एवढं विचारून भागत नाही. ‘न चुकता आहे का’ हे विचारावं लागतं. वेळापत्रकाच्या पाटीवर गाडी लिहिलेली असणं वेगळं आणि ती थांब्यावर येणं वेगळं.

आमच्या जिल्ह्यात हा प्रश्न अधिक कठीण होतो. २०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. ही काही कौतुकाची आकडेवारी नाही. मुलगे मुंबई, विरार, डोंबिवलीला, आणि घरात म्हातारी आई किंवा सासू-सून. वाड्या डोंगरउतारावर विखुरलेल्या. पाखाडी उतरून डांबरी रस्त्यावर यायचं, गाडी धरायची, औषध घ्यायचं आणि पुन्हा ती पाखाडी चढायची. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. गुडघे गेलेल्या बाईला एका गोळीच्या पाकिटासाठी अख्खा दिवस घालवावा लागतो, आणि तिथे गेल्यावर ‘संपली, पुढच्या आठवड्यात या’ असं ऐकलं तर पुढच्या आठवड्यात ती येत नाही. तिला निष्काळजी म्हणणं सोपं आहे. मीही म्हणत होतो, बायको आजारी पडेपर्यंत.

जुलैची ती रात्र

२०२१च्या जुलैत कोकणावर जो पाऊस कोसळला तो विसरणं शक्य नाही. २२ जुलैला चिपळूण बुडालं. आंबा घाटात दरडी आल्या, मुंबई-गोवा महामार्ग ठिकठिकाणी बंद झाला. आमच्या गावाबाहेरच्या साकवावरूनही पाणी जात होतं. तिची डायलिसिसची पाळी चुकली.

डायलिसिसची एक पाळी चुकणं म्हणजे काय, हे मी जवळून पाहिलं. लघवी जवळजवळ होत नसते, म्हणून प्यालेलं पाणी अंगात साठतं. आधी पाय सुजले. मग बोलताना धाप लागू लागली. रात्री तिला आडवं होता येईना. आडवी झाली की छातीत पाणी भरल्यासारखं व्हायचं. मी भिंतीला उशा लावून तिला बसवलं आणि तिच्या मागे पाठीला पाठ लावून बसलो. कंदिलाच्या उजेडात ती श्वास मोजत होती. दुसरी भीती पोटॅशियमची. मूत्रपिंड काम करत नसलं की ते रक्तात वाढतं आणि हृदय बंद पडू शकतं. म्हणून हापूसच्या जिल्ह्यात राहून तिने पाच उन्हाळे आंब्याची फोड तोंडात घातली नाही. फणस नाही, शहाळं नाही.

सकाळी पाणी गुडघ्यापर्यंत उतरल्यावर वाडीतल्या चार मुलांनी तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून साकवापलीकडे नेलं. तिथून जीप. ती त्या वेळी वाचली.

डायलिसिस केंद्रावर पोचलो तेव्हा त्या वाटेवरच्या आणखी दोघांच्या पाळ्या चुकलेल्या होत्या. एकाच रस्त्यावरची तीन माणसं, तिघांचा आजार एक, आणि एकमेकांचा फोन नंबरही आमच्याकडे नव्हता. तीन वेगवेगळ्या थांब्यांवर आम्ही तिघं एकटे उभे होतो. त्या दिवशी मी दोनशे पानी वही विकत घेतली.

नसलेला रकाना

वहीत मी रकाने आखले. तारीख, ठिकाण, काय मागितलं, किती दिवसांचं, मिळालं का, नाही मिळालं तर काय उत्तर मिळालं. सुरुवातीला त्यात फक्त डायलिसिसचे आम्ही तिघं होतो. मग थांब्यावरच्या बाकड्यावर बसणारी माणसं बोलू लागली. रक्तदाबाची गोळी दहाच दिवसांची मिळालेली आजी. फिट येणारा एक तरुण, ज्याचं लग्न त्याच कारणाने मोडलं होतं. मनोरुग्णालयातून सावरून घरी आलेल्या मुलाची आई, जी दर महिन्याला त्याच्या औषधासाठी रत्नागिरीची वारी करायची. रत्नागिरीचं ते रुग्णालय १८८६ पासूनचं, सारं कोकण त्याच्या आधाराने राहतं. पण आधार लांब असला की गरीब माणसाचा हात तिथपर्यंत दरमहा पोचत नाही.

दोन महिन्यांनी वही चाळली तेव्हा मला एक गोष्ट दिसली. ‘नाही मिळालं’ अशा नोंदी महिन्याच्या शेवटी शेवटी दाटीने येत होत्या. मी वही घेऊन आमच्या भागातल्या आरोग्य केंद्रातल्या फार्मासिस्टकडे गेलो. भांडायच्या तयारीनेच गेलो होतो. त्या मुलाने मला स्टूल दिलं आणि आपलं रजिस्टर उघडलं.

“काका, औषधांची मागणी मी मागच्या खपावर करतो. मागच्या वेळी जेवढ्या गोळ्या गेल्या, तेवढ्या आणि थोड्या जास्त.”

“आणि जे हात हलवत परत गेले?”

“त्यांची नोंद कुठे करू? तसा रकानाच नाही.”

मी गप्प बसलो. तीस वर्षं मी ज्या कागदांवर सह्या केल्या त्यांतही तो रकाना नव्हता. गोळ्या संपतात, माणसं परत जातात, खप कमी दिसतो, पुढची मागणी कमी जाते, गोळ्या आणखी लवकर संपतात. यात कुणी चोरी केलेली नाही, कुणी आळस केलेला नाही. तरी माणसाचा औषधाचा हक्क दर महिन्याला थोडा थोडा झिजतो.

त्याने वहीची पानं झेरॉक्स करून घेतली. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी पुढच्या मागणीला ती जोडली. मधल्या काळासाठी रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून थोडी औषधं बाहेरून घेतली. लांबच्या वाड्यांतल्या माणसांना दहा दिवसांऐवजी महिन्याची औषधं द्यायचं ठरलं. फिटच्या गोळीला मात्र वेळ लागला. त्यासाठी दोन ग्रामसभांत आम्हाला तोच ठराव मांडावा लागला. सगळं मार्गी लागलं असं मी म्हणणार नाही. पण ‘इकडे या औषधाला मागणी नाही’ हे वाक्य आमच्या भागात पुन्हा कुणी उच्चारलं नाही.

त्याच वर्षाच्या शेवटी एसटीचा मोठा संप झाला, तो एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. संपावर गेलेल्यांत माझे जुने सोबती होते, त्यांच्या घरची ओढाताण मला ठाऊक होती. आणि थांब्यावर उभे राहणारे हे रुग्णही माझेच होते. त्या महिन्यांत वही कामी आली. आम्ही तिघांचे पत्ते आणि पाळ्यांचे वार एका कागदावर लिहून डायलिसिस केंद्रात दिले आणि विनंती केली की तिघांना एकाच दिवशी एकाच पाळीत घ्या. त्यांनी घेतलं. मग एकच वडाप तिघांना पुरलं आणि भाडं तिघांत वाटलं गेलं. यंत्र वाढलं नाही, माणूस वाढला नाही, सरकारचा रुपया खर्च झाला नाही.

आमच्या आधी हे केलेली माणसं

मला वाटत होतं हे आपल्यालाच सुचलं. मग एका कार्यकर्त्याने सांगितलं की महाराष्ट्रात हे काम २००७ मध्येच रीतसर सुरू झालं होतं. ‘आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख’ असं त्याचं नाव. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात पुण्याच्या ‘साथी’ संस्थेच्या पुढाकाराने ते पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत सुरू झालं. गावातली माणसं एकत्र बसून आपल्या उपकेंद्राला, आरोग्य केंद्राला हिरवा, पिवळा किंवा लाल रंग देतात. हिरवा म्हणजे बरं चाललंय, पिवळा म्हणजे अर्धवट, लाल म्हणजे वाईट. मग जनसुनवाई. एकाच मांडवात रुग्ण आणि अधिकारी समोरासमोर. ज्या बाईला औषध मिळालं नाही ती उभी राहून सांगते, आणि ज्याने द्यायचं तो सगळ्यांदेखत उत्तर देतो. ‘माझ्याबाबतीत असं झालं’ हे एकटीने सांगितलं तर ती तक्रार होते. मांडवात पंधराजणींनी तेच सांगितलं की ते सत्य म्हणून मान्य करावं लागतं.

आमच्या संगमेश्वर तालुक्यात याहून जुनं बळ आहे. देवरुखच्या इंदिराबाई हळबे, साऱ्यांच्या मावशी. पतीच्या निधनानंतर परिचारिकेचं शिक्षण घेऊन त्या देवरुखला आल्या आणि १९५४ साली दोन खाटांच्या प्रसूतिगृहापासून ‘मातृमंदिर’ उभं केलं. तेव्हा या भागात रस्ते नव्हते, गाड्या नव्हत्या. सरकार येईल तेव्हा येईल म्हणून त्या बसून राहिल्या नाहीत. पण खाट टाकणं हा एक मार्ग, आणि सरकारने टाकलेली खाट रिकामी राहू न देणं हा दुसरा. आज आमच्या पिढीवर दुसऱ्या मार्गाची जबाबदारी आहे.

रुग्ण एकत्र आले की किती दूरवर हात पोचतो, याचं उदाहरण मुंबईत घडलं. रक्ताच्या एका कर्करोगावर, सीएमएलवर, रोज एक गोळी घेऊन माणूस वर्षानुवर्षं जगू शकतो. नोव्हार्टिस कंपनीची ‘ग्लिव्हेक’ ही गोळी महिन्याला लाखाच्या वर जायची, भारतीय कंपन्यांची तीच गोळी आठ-दहा हजारांच्या आसपास. कंपनीने भारतात पेटंट मागितलं. मुंबईची ‘कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन’ ही रुग्णांसाठी झटणारी संस्था त्याविरुद्ध उभी राहिली आणि लढा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १ एप्रिल २०१३ रोजी न्यायालयाने कंपनीचा दावा फेटाळला. परळच्या टाटा रुग्णालयात जाणाऱ्या कोकणातल्या कितीतरी माणसांच्या पिशवीतली गोळी त्या निकालामुळे परवडणारी राहिली.

एचआयव्हीबाधितांनी तर हा रस्ता खणूनच काढला. १ एप्रिल २००४ पासून सरकारने मोफत औषधं द्यायला सुरुवात केली, त्यामागे बाधितांच्या संघटनांचा रेटा होता. २०२२ मध्ये औषधांचा तुटवडा पडला तेव्हा बाधित माणसं दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या कार्यालयाबाहेर महिनाभराहून अधिक काळ ठाण मांडून बसली. क्षयरोगातून उठलेली मुंबईची नंदिता वेंकटेसन आणि दक्षिण आफ्रिकेची फुमेझा तिसिले या दोघींनी बेडाक्विलीन या औषधाच्या वाढीव पेटंटला आव्हान दिलं आणि मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने तो अर्ज नाकारला. औषधाच्या दुष्परिणामाने दोघींचीही श्रवणशक्ती गेलेली होती. ज्यांना ऐकू येत नव्हतं त्यांनी साऱ्या जगाला ऐकायला लावलं.

आणि चांगलं उदाहरण शोधायला दिल्लीपर्यंत जायलाही नको. शेजारच्या सिंधुदुर्गात, तसंच सातारा, वर्धा आणि भंडाऱ्यात, २०१७च्या अखेरीस सुरू झालेला रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम पहिल्या टप्प्यात आला. मोजक्या गोळ्यांचा ठरलेला क्रम, महिन्याचा साठा, घराजवळच्या उपकेंद्रात पुन्हा भरणा, आणि ठरल्या तारखेला न आलेल्या माणसांची यादी. न आलेल्यांची यादी! म्हणजे जो रकाना माझ्या वेबिलावर नव्हता आणि त्या फार्मासिस्टच्या रजिस्टरात नव्हता, तो सरकार ठरवेल तेव्हा आखू शकतं.

वही घेऊन कुठे जायचं

वाचकांपैकी ज्यांच्या घरात असा आजार आहे त्यांना काही गोष्टी हातात असाव्यात म्हणून सांगतो.

पहिली पायरी आपलंच आरोग्य केंद्र. तिथे रुग्ण कल्याण समिती असते, तिच्याकडे स्वतःचा निधी असतो. गावात आरोग्य, पोषण व स्वच्छतेची समिती असते आणि तिला वर्षाला दहा हजार रुपयांचा मुक्त निधी ठरवलेला आहे. या दोन्हींच्या बैठका कधी होतात हे विचारा आणि रुग्णाच्या घरचं एक माणूस तिथे बसेल असं पाहा.

दुसरी पायरी ग्रामसभा. ‘अमुक औषध अमुक महिन्यांत मिळालं नाही’ असा तारखांसह ठराव इतिवृत्तात आला की तो वाऱ्यावर जात नाही. १ मेच्या ग्रामसभेला चाकरमानी गावात असतात, त्यांनाही बसवा. आईला मुंबईहून औषधं पाठवणारा मुलगा तिच्या हक्कासाठी गावात एक तास बसला, तर बऱ्याचदा औषधं पाठवण्याची गरजच उरत नाही.

तिसरी, माहितीचा अधिकार. दहा रुपयांच्या अर्जावर तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. माहिती कुणाच्या जीविताशी संबंधित असेल तर अठ्ठेचाळीस तासांत. औषधाचा साठा कधी संपला, मागणी कधी केली, कधी आला, एवढंच विचारा. थोडं आणि नेमकं.

योजनाही ठाऊक असाव्यात. लोक ज्याला अजून ‘जीवनदायी’ म्हणतात ती योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत आली. त्यात शेजारचं रायगड होतं, आपण नव्हतो. रत्नागिरीला ती नोव्हेंबर २०१३ मध्ये मिळाली. आज ती महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजना आहे, डायलिसिस तिच्यात बसतं, आणि आता ती कुठल्याही रंगाच्या रेशनकार्डावर अडत नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत आणि रुग्णालयांत तपासणी-उपचार मोफत आहेत. मानसिक आरोग्य कायदा २०१७ सांगतो की ठरवलेल्या यादीतली औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या प्रत्येक सरकारी रुग्णालयात मानसिक रुग्णाला सदैव मोफत मिळाली पाहिजेत. मनोरुग्णालयातून सावरलेल्या त्या मुलाच्या आईला आम्ही हे कलम मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. तिने तो कागद घडी घालून रेशनकार्डात ठेवला आणि ग्रामीण रुग्णालयात जाऊन दाखवला. आता तिची रत्नागिरीची वारी दर महिन्याला होत नाही.

आणि माझ्या घरची सवलत: डायलिसिस, सिकलसेल, हिमोफिलिया आणि एचआयव्ही असलेल्यांना एसटीत मोफत प्रवास आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांनाही ऑगस्ट २०२२ पासून मोफत, आणि मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांना अर्धं तिकीट. उपचार मोफत असले तरी तिथपर्यंतचा प्रवास परवडला नाही तर ते कुणाच्या उपयोगाचे? आठवड्याला तीन फेऱ्या म्हणजे वर्षाला दीडशेच्या वर. एका घराचं कंबरडं मोडायला तेवढ्या पुरतात. म्हणून मी म्हणतो, वाडीवरची पहाटेची गाडी बंद होणार असं कानावर आलं तर तो आरोग्याचा प्रश्न समजून आगारात जा. त्या गाडीत बसणारे रुग्ण कोण आहेत, त्यांची यादी घेऊन जा.

डायलिसिसच्या एका पाळीला सव्वाशे लिटरच्या आसपास शुद्ध केलेलं पाणी लागतं. वीज गेली, पाणी आटलं, तर यंत्र उभंच राहतं. ज्या कोकणात जुलैत पूर येतो आणि मेमध्ये टँकर फिरतो, तिथे पाण्याच्या आणि विजेच्या बैठकीतही रुग्णाचा माणूस असायला हवा.

नाव लिहायचं नाही

वही ठेवताना एक नियम आम्ही पहिल्यापासून पाळला. नाव लिहायचं नाही, क्रमांक लिहायचा. क्रमांक कुणाचा, हे फक्त त्याला आणि मला ठाऊक. एचआयव्हीच्या २०१७च्या कायद्याने तर संमतीशिवाय माहिती फोडायला मनाईच केली आहे. पण कायदा नसता तरी हे पाळावंच लागलं असतं. फिट येणाऱ्या त्या तरुणाच्या लहान बहिणीचं लग्न व्हायचं होतं. गावात माहिती पाखाडी उतरून धावत जाते आणि परत बोलावता येत नाही.

दुसरा नियम, खिडकीतल्या माणसावर आवाज चढवायचा नाही. आशाताई उन्हातान्हात वाड्या चढतात, नर्सबाई दोघींचं काम एकटी करते, आणि रिकाम्या कपाटाचं उत्तर त्यांनाच द्यावं लागतं. कपाट ज्याच्या सहीने भरतं त्याच्यापर्यंत आपण पोचायचं, आणि शक्य तर त्यांना सोबत घेऊन.

बायको गेल्यावर मी वही बंद करणार होतो. तेराव्यानंतरचा पहिला सोमवार, तिच्या पाळीचा वार. सवयीने पाचला उठलो. हात धरायला कुणी नव्हतं. चहा केला, घरात बसवेना, म्हणून पाच-पन्नासच्या गाडीला थांब्यावर जाऊन उभा राहिलो. डायलिसिसचे ते दोघं आले. त्यांतल्या एकाने काही न बोलता आपली बाही वर केली आणि हात माझ्यापुढे धरला. मी बोटं टेकवली.

“चालू आहे,” मी म्हणालो.

आता चौथी वही चालू आहे. परवा वरच्या वाडीतली एक बाई थांब्यावर भेटली. दम्याची. पदराची गाठ सोडून तिने एका पंपाच्या खोक्याचा फाडलेला तुकडा काढला. नाव वाचता येत नव्हतं म्हणून तिने छापील तुकडाच जपून आणला होता.

“कंट्रोलर काका, दोनदा मोकल्या हातानं आले. माजा पन लिवा.”

मी वही मांडीवर घेतली. तारीख घातली. तिचा क्रमांक घातला. खोक्यावरचं नाव अक्षर अक्षर उतरवून घेतलं आणि ‘मिळालं का’ या रकान्यात ‘नाही’ लिहून तिला दाखवलं. तिने तो शब्द बोटाने चाचपून पाहिला, तुकडा पुन्हा पदराला बांधला आणि गाडीत चढली.